ग्लुकोज सेन्सर आणि त्यांच्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंडावर लावायचे ग्लुकोज सेन्सर, त्यांचे आकडे आणि नवे सेन्सर माणसांवर तपासणाऱ्या चाचण्या, यांबद्दल पेशंट आणि घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे आपल्या लॅबच्या रिपोर्टवर असतात तसेच. औषधाचा डोस मात्र हे वाचून बदलू नका. तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. हा सेन्सर रक्तातली साखर मोजतो ना? मग रक्त कसं येत नाही?

कारण तो रक्तापर्यंत जातच नाही. कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिरलेली एक बारीक, लवचीक तार असते. पेशींच्या मधल्या जागेत जो द्रव असतो त्यात ती बसते आणि त्या द्रवातली साखर मोजते. रक्तातली साखर केशवाहिन्यांतून झिरपून या द्रवात येते, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांच्या मागोमाग चालतात. पण एकाच क्षणी चालत नाहीत. पाटाचं पाणी वरच्या वाफ्यात आधी पोचतं आणि खालच्या वाफ्यात थोड्या वेळाने, तसं इथे होतं. हा उशीर साधारण ५ ते १० मिनिटांचा असतो. साखर स्थिर असेल तर तो जाणवत नाही. जेवणानंतर किंवा भरभर चालल्यावर साखर वेगाने हलते तेव्हा मात्र सेन्सर मागे पडलेला दिसतो.

२. सुई चौदा दिवस आतच राहते का?

नाही. सुई फक्त तार आत नेण्यापुरती असते आणि लावणीच्या साधनाबरोबर लगेच बाहेर येते. लावताना मुंगी चावल्याइतकंही बहुतेकांना जाणवत नाही.

३. एवढीशी तार साखर ओळखते कशी?

तारेच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लावलेलं असतं. ते ग्लुकोजवर काम करतं, त्या रासायनिक क्रियेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून अतिशय क्षीण वीजप्रवाह वाहतो. तो नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. ही मूळ कल्पना लिलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. तिच्यावर चालणारी, सतत मोजणारी पहिली यंत्रणा अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झाली. ती तीनच दिवस चालायची आणि तिचे आकडे नंतर डॉक्टर बघायचे, पेशंटला तिथल्या तिथे काही दिसत नसे.

एक वेगळी जातही आहे. दंडात छोटा छेद देऊन कातडीखाली बसवायचा सेन्सर. त्यात एन्झाइम नसतं. साखरेनुसार कमी-जास्त चमकणारा एक पदार्थ असतो आणि ती चमक बाहेरचं यंत्र वाचतं. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने असा सेन्सर २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी, २०२२ मध्ये १८० दिवसांसाठी आणि २०२४ मध्ये वर्षभरासाठी मंजूर केला.

हा फरक लक्षात ठेवा. कोणत्या औषधाने कोणता सेन्सर फसतो ते यावरच ठरतं (प्रश्न १४).

४. सेन्सर १४२ दाखवतो, ग्लुकोमीटर १६० आणि लॅबचा रिपोर्ट १५१. खरं कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर असं की तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला १५ टक्के इकडे-तिकडे आणि १०० च्या खाली १५ अंक इकडे-तिकडे चालतं, तेही १०० पैकी ९५ वेळा. म्हणजे खरी साखर १५१ असताना १६० दाखवणारं मीटर चांगलंच म्हणायचं. सेन्सरचं १४२ सुद्धा सहा टक्क्यांच्या आत आहे.

लॅबचा आकडा शेवटचा शब्द आहे असं आपण धरून चालतो. पण रक्त कुठून घेतलं आणि किती वेळ पडून राहिलं, यावर तोही हलतो. जेवणानंतर बोटातलं रक्त दंडाच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतं, कारण शिरेत येईपर्यंत स्नायूंनी थोडी साखर वापरलेली असते. उपाशीपोटी हा फरक जवळजवळ नसतो. शिवाय योग्य नळीत न घेतलेलं रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून नमुना तालुक्याच्या लॅबला दुपारी पोचत असेल तर हे जरूर विचारा.

काळजी कधी करायची? अंगाला घाम, थरथर, गरगरणं असेल आणि सेन्सर १२० म्हणत असेल, तर शरीराचं ऐका आणि लगेच बोट टोचून बघा.

५. जाहिरातीत ‘मार्ड ८ टक्के’ लिहिलेलं असतं. हा मार्ड काय असतो?

सेन्सरचा आकडा आणि त्याच वेळच्या रक्ताचा आकडा अशा शेकडो-हजारो जोड्या घेतात. प्रत्येक जोडीत सेन्सर किती टक्के चुकला ते काढतात, वर की खाली हे न बघता. त्या सगळ्यांची सरासरी म्हणजे मार्ड. रक्तात १०० असताना ११० किंवा ९० दाखवलं तर त्या जोडीची चूक १० टक्के. आजच्या चांगल्या सेन्सरचा मार्ड साधारण ८ ते १० टक्क्यांच्या घरात असतो. जितका कमी तितका बरा, पण पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय या आकड्यावर खरेदी करू नका.

६. दोन सेन्सरचा मार्ड सारखाच असेल तर स्वस्तातला घ्यायला काय हरकत?

मार्ड ही सरासरी आहे आणि सरासरीत धोकादायक चुका लपतात. समजा रक्तात २५० आहे आणि सेन्सरने २७५ दाखवले. चूक १० टक्के, पण त्याने तुमच्या वागण्यात फारसा फरक पडणार नाही. आता रक्तात ६० आहे आणि सेन्सरने ८५ दाखवले. अलार्म वाजणार नाही, तुम्ही झोपून राहाल. दोन्ही वेळा फरक २५ अंकांचाच, पण दुसरी चूक जीवावर बेतू शकते.

म्हणून १९८७ मध्ये विल्यम क्लार्क (प्रश्न ३ मधले क्लार्क वेगळे) आणि सहकाऱ्यांनी चुका तोलायची वेगळी रीत काढली, तिला एरर ग्रिड म्हणतात. तिथे ‘किती चुकला’ यापेक्षा ‘या चुकीमुळे पेशंटच्या हातून काय होईल’ याला महत्त्व आहे. २०१८ मध्ये एफडीएने जे निकष ठरवले त्यांतही हीच दृष्टी दिसते. सगळे मिळून ८७ टक्क्यांहून जास्त आकडे २० टक्क्यांच्या आत हवेत. ७० च्या खालचे ८५ टक्क्यांहून जास्त आकडे १५ अंकांच्या आत हवेत. आणि सेन्सर ७० च्या खाली दाखवत असताना रक्तात १८० च्या वर, किंवा त्याच्या उलट, असं एकदाही होता कामा नये. माझ्या मते या शेवटच्या अटीची किंमत मार्डपेक्षा जास्त आहे.

तेव्हा विक्रेत्याला ७० च्या खालची अचूकता विचारा. ती सांगता आली नाही तर स्वस्तातला सेन्सर महागात पडू शकतो.

७. नवा सेन्सर माणसांवर तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

सहभागी व्यक्तीला दंडावर किंवा पोटावर एक किंवा दोन सेन्सर लावून घरी पाठवतात. दोन लावायचं कारण असं की एकाच बॅचचे, एकाच माणसावरचे दोन सेन्सर एकमेकांशी किती जुळतात हेही कळायला हवं. मधल्या काळात घरी दिवसातून काही वेळा बोट टोचून नोंद ठेवायची.

खरा कस लागतो तो सेंटरमधल्या दिवशी. असे दिवस सेन्सरच्या आयुष्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी ठेवतात, कारण नवा सेन्सर आणि संपत आलेला सेन्सर सारखा वागत नाही. सकाळी हाताच्या शिरेत एक बारीक नळी बसवतात, म्हणजे दर वेळी टोचावं लागत नाही. मग साधारण दर १५ मिनिटांनी थोडंसं रक्त काढतात. काही ठिकाणी हात गरम पॅडमध्ये ठेवतात, त्यामुळे शिरेतलं रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळ येतं आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेला फरक कमी होतो. नमुना तिथल्या तिथे प्रयोगशाळेच्या यंत्रावर तपासतात, बऱ्याचदा दोनदा. नर्सचं घड्याळ, यंत्राचं घड्याळ आणि सेन्सरचं घड्याळ सकाळीच जुळवून घेतात. साखर मिनिटाला २-३ अंकांनी चढत असेल तर पाच मिनिटांची गफलत म्हणजे १०-१५ अंकांची खोटी चूक, आणि मग दोष कोणाचा ते कधीच कळत नाही.

त्या दिवशी तुमचं काम म्हणजे बसून राहणं, दिलेलं दिलेल्या वेळी खाणं आणि काही वेगळं वाटलं तर लगेच सांगणं. पुस्तक, मोबाईलचा चार्जर आणि सैल बाह्यांचा शर्ट बरोबर न्या.

८. चाचणीत मुद्दाम साखर चढवतात आणि उतरवतात म्हणे. हे धोक्याचं नाही का?

धोका आहे, आणि संमतिपत्रात तो लिहिलेला असायलाच हवा. पण असं करायला कारण आहे. साखर दिवसभर १२० ते १५० मध्ये असेल तर जवळजवळ कुठलाही सेन्सर चांगलाच ठरतो. तो ६० ला आणि ३०० ला कसा वागतो, आणि वेगाने चढउतार होताना कितपत टिकतो, हे बघायचं तर साखर तिथपर्यंत न्यावी लागते. जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ पुढेमागे करून हे साधतात.

हे डॉक्टर समोर असतानाच करायचं असतं. साखर किती खाली गेली की थांबायचं आणि ग्लुकोज द्यायचं, हे चाचणीच्या आराखड्यात आधीच ठरलेलं असतं. हृदयविकार, फिट्स, नुकताच येऊन गेलेला मोठा हायपो (म्हणजे साखर फार खाली जाणं), गरोदरपण अशा व्यक्तींना या भागातून साधारणपणे वगळतात. तुम्हाला यातलं काही असेल आणि कोणी विचारलं नसेल, तर तुम्ही स्वतः सांगा. साखर उतरवण्याचा भाग तुमच्यावर होणार आहे की नाही हे सही करण्याआधी स्पष्ट विचारा.

९. भारतात अशा चाचणीला परवानगी कोण देतं? चाचणी खरी आहे हे कसं ओळखायचं?

नव्या वैद्यकीय उपकरणाच्या चाचणीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ, परवानगी देते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार एमडी-२२ या फॉर्मवर अर्ज होतो आणि एमडी-२३ वर परवानगी मिळते. त्याशिवाय त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या कमिटीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते.

तुम्हाला घरबसल्या करता येण्यासारखी तपासणी म्हणजे सीटीआरआय ही राष्ट्रीय नोंदवही. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर टाकून बघा. सेंटरचं नाव, मुख्य डॉक्टर, कोण भाग घेऊ शकतं, सगळं दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर दंड पुढे करू नका.

१०. भाग घेतला तर पैसे मिळतात का? काही झालं तर खर्च कोणाचा?

सेन्सर, तपासण्या आणि त्या दिवसाचं खाणंपिणं मोफत असतं. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई देता येते, आणि किती देणार ते एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं. रक्कम डोळे दिपवणारी नसते, आणि नसावीच. पैशाच्या ओढीने कोणी आपला आजार लपवून सही करू नये, यासाठी ते आहे.

चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा तुमचा हक्क आहे. संमतिपत्राची एक प्रत घरी न्यायची. ती मराठीत नसेल तर मराठीत मागायची. मध्येच चाचणी सोडली तरी तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, आणि हेही त्यात लिहिलेलं असतं. सही घाईने करू नका. घरी नेऊन मुलाला, सुनेला, शेजारच्या शिक्षकांना, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना वाचायला द्या.

११. चाचणीतल्या सेन्सरचा आकडा बघून इन्सुलिन कमी-जास्त करू का?

नाही. बऱ्याच चाचण्यांत तो आकडा तुम्हाला दिसतही नाही, तो मुद्दाम झाकलेला असतो. दिसत असला तरी तो अजून सिद्ध झालेला नाही, आणि चाचणी चालली आहे ती त्यासाठीच. डोस नेहमीसारखा ग्लुकोमीटरवर ठरवा.

१२. दुकानातून घेतलेला सेन्सर बरोबर चालतोय का, हे घरी कसं तपासू?

वेळ नीट निवडा. पहिला दिवस सोडून द्या, कारण तार नुकतीच शिरलेली असते, तिथल्या उती थोड्या दुखावलेल्या असतात आणि आकडा स्थिरावायला वेळ लागतो. मग अशी वेळ घ्या की सेन्सरवरचा बाण आडवा आहे, म्हणजे साखर स्थिर आहे. सकाळी उपाशीपोटी किंवा रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यात बरं. जेवून तासाभरात केलेली तुलना तुम्हाला फक्त प्रश्न १ मधला उशीर दाखवेल.

हात साबणाने धुवून कोरडे करा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण सेन्सर खोटा ठरवून फेकून देण्यामागे बरेचदा हेच कारण निघतं. मे महिन्यात हापूस कापला आणि त्याच बोटाला टोचलं, की कातडीवरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळून मीटर खूप वर जातं. स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर नीट निघत नाही, वाहतं पाणीच लागतं. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, आणि डबी उघडी राहिलेली नाही ना, तेही बघा. पावसाळ्यात कोकणात ओल्या हवेने पट्ट्या लवकर बिघडतात.

आता फरक काढा. १०० च्या खाली २० अंकांपर्यंत आणि १०० च्या वर २० टक्क्यांपर्यंत फरक असेल तर चालू द्या. एकदा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सलग तीन-चार वेळा जास्त आला तर तारखा आणि वेळांसह नोंद करून कंपनीच्या हेल्पलाइनला कळवा. सेन्सर सदोष निघाल्यास बहुतेक कंपन्या बदलून देतात, पण सेन्सर आणि खोका दोन्ही जपून ठेवलेले हवेत.

१३. रात्री दोन-तीन वाजता ‘शुगर लो’ चा अलार्म वाजतो, बोट टोचलं तर ११०. सेन्सर खराब आहे का?

बहुधा नाही. तुम्ही त्या कुशीवर झोपलेले असता. दंड दबला की तिथला द्रव पिळला जातो, तारेपर्यंत साखर कमी पोचते आणि आकडा अचानक कोसळतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो आपोआप वर येतो. आलेखात एक खोल, सरळ उभ्या कडांचा खड्डा दिसला तर समजावं की हेच आहे. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर किंवा दंडाच्या आणखी मागच्या बाजूला लावून बघा. पण इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर दर वेळी बोट टोचून खात्री केल्याशिवाय अलार्म बंद करून झोपू नका.

१४. कोणत्या औषधांमुळे सेन्सर चुकतो?

तारेचा सेन्सर वीजप्रवाह मोजतो. साखरेऐवजी दुसऱ्याच पदार्थाने तो प्रवाह निर्माण केला तर सेन्सरला ते वेगळं कळत नाही आणि तो साखर वाढली असं समजतो. व्हिटॅमिन सी हे ओळखीचं उदाहरण. सर्दीसाठी चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन-तीन खाल्ल्या तर काही सेन्सरचा आकडा खोटाच वर जातो. माहितीपत्रकात ही मर्यादा कुठे ५०० आणि कुठे १००० मिलिग्रॅम दिलेली असते. लिंबू-आवळ्याच्या रोजच्या खाण्याने हे होत नाही. पॅरासिटामॉलने जुन्या पिढीतल्या काही सेन्सरचे आकडे काही तास वर राहत. नव्यांपैकी काहींमध्ये त्याला अडवणारा पडदा आहे आणि सहा तासांत १ ग्रॅमपर्यंत चालतं. आत बसवायच्या, चमकेवर चालणाऱ्या सेन्सरला यांचं वावडं नाही, पण टेट्रासायक्लीन गटातल्या अँटिबायोटिकने त्याचा आकडा खाली जाऊ शकतो.

खोटा वर गेलेला आकडा जास्त घातक. तो बघून माणूस इन्सुलिन घेतो आणि खरी साखर, जी वाढलेलीच नव्हती, ती कोसळते. आणखी एक औषध आहे, त्याचा प्रश्न खाली स्वतंत्र दिला आहे.

१५. घरात सिकलसेल आहे आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. आता शुगरही निघाली. सेन्सर लावू का?

गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांतून हा प्रश्न येतो, आणि याला इतर प्रश्नांपेक्षा जास्त जागा द्यायला हवी असं मला वाटतं.

हायड्रॉक्सियुरिया तारेच्या टोकाशी स्वतःच वीजप्रवाह निर्माण करतं. काही प्रचलित सेन्सरवर त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच वर जातो आणि गोळी घेतल्यावर काही तास वरच राहतो. त्या सेन्सरच्या माहितीपत्रकात ‘हे औषध चालू असेल तर वापरू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गोळी रोजची असते, म्हणजे चूकही रोजची.

मग तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, करावी तर तीही फसते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यांच्यावर साखर चढायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. ग्लुकोमीटर? रक्तात पेशी कमी असतील तर बरीच मीटर साखर जास्त दाखवतात. म्हणजे रोजच्या वापरातली तिन्ही साधनं या पेशंटच्या बाबतीत डळमळीत, आणि तीही एका दिशेने नाही.

भरवशाचा राहतो तो शिरेतल्या रक्ताचा लॅबमधला आकडा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर, प्रश्न ४ मध्ये सांगितलेली नळीची काळजी घेऊन. सरासरीसाठी फ्रुक्टोसअमाईन ही तपासणी आहे, ती पेशींवर अवलंबून नसते. ‘मला सिकलसेल आहे आणि ही गोळी चालू आहे’ हे शुगरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. सेन्सर घ्यायचाच असेल तर त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात हायड्रॉक्सियुरियाबद्दल काय लिहिलं आहे ते डॉक्टरांबरोबर वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांना सेन्सरच्या चाचण्यांतून बऱ्याचदा वगळतात. त्यांच्या सुरक्षिततेसाठी ते ठीक आहे, पण त्यामुळे त्यांच्यासाठी काय चालतं याची माहिती कधी तयारच होत नाही. सिकलसेलचा पट्टा असलेल्या राज्यात नव्या सेन्सरची चाचणी होते तेव्हा एथिक्स कमिट्यांनी हा मुद्दा उचलला पाहिजे. आणि हायड्रॉक्सियुरिया सेन्सरसाठी बंद करू नका. ती गोळी फार मोलाची आहे.

१६. गरोदर बाई, डायलिसिसचे पेशंट, आयसीयूतले पेशंट यांना चालतो का?

गरोदरपणात काही सेन्सरना मान्यता आहे, काहींना नाही. मान्यता असली तरी मर्यादा वेगळ्या असतात. टाइप १ असलेल्या गर्भवतीसाठी ६३ ते १४० हा पल्ला धरतात, एरवीचा ७० ते १८० नव्हे. ॲपमध्ये तो बदलून घ्यावा लागतो.

डायलिसिसवर बऱ्याच सेन्सरची चाचणीच झालेली नसते, त्यामुळे नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. पोटाचं डायलिसिस असेल तर ग्लुकोमीटरचीही काळजी घ्या. आयकोडेक्स्ट्रिन असलेलं द्रावण वापरणाऱ्यांमध्ये जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या, आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात बनणाऱ्या माल्टोज या साखरेलाच ग्लुकोज समजत. यातून झालेल्या १३ मृत्यूंची नोंद १९९७ ते २००९ या काळात एफडीएकडे आली होती. पट्टीचा प्रकार डबीबरोबरच्या कागदावर असतो.

बीपी खूप खाली गेलेल्या किंवा शरीरातलं पाणी कमी झालेल्या पेशंटमध्ये कातडीपर्यंत रक्तच नीट पोचत नाही. तिथे सेन्सरवर विसंबू नये.

१७. सेन्सरच्या जागी लाल चट्टा आणि खाज. काय करू?

नुसती घामाने आलेली खाज एक-दोन दिवसांत जाते. सेन्सरच्या आकाराचाच लाल, पाणी सुटणारा चट्टा दर वेळी येत असेल तर ती चिकटपट्टीची किंवा कवचाच्या प्लॅस्टिकची ॲलर्जी असू शकते. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हा त्यातला ओळखला गेलेला गुन्हेगार. एकदा ही ॲलर्जी झाली की सहसा जात नाही, त्यामुळे मलम लावून तोच सेन्सर रेटू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चाचणीत असाल तर साधी खाजही कळवा, ती नोंदली जाणं महत्त्वाचं आहे.

१८. ऑनलाइन दोन हजारांत न टोचता शुगर सांगणारं घड्याळ मिळतंय. घेऊ का?

घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने लोकांना स्पष्ट बजावलं की कातडी न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावरच्या सेन्सरचा आकडा मोबाईलमार्फत घड्याळावर दिसणं ही वेगळी गोष्ट, ती चालते.

‘पण माझ्या घड्याळाचा आकडा मीटरशी जुळतो,’ असं लिहून येतं. एक हिशोब करून बघा. ज्याला मधुमेह नाही त्याची साखर दिवसातला बराच वेळ ९० ते १२० मध्ये असते. घड्याळाने काहीही न मोजता कायम १०५ दाखवलं, तरी या पल्ल्यात त्याची चूक १७ टक्क्यांच्या वर जाणार नाही. विक्रेता बिनदिक्कत ‘८३ टक्के अचूक’ छापू शकतो. तेच घड्याळ तुमच्या ५५ लाही १०५ म्हणेल आणि ३२० लाही.

प्रामाणिक प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला एफडीएने २००१ मध्ये मान्यता दिली होती. ते सूक्ष्म विजेने कातडीतून द्रव ओढायचं. कातडी लाल व्हायची, घाम आला की आकडे गळायचे, आणि ते टिकलं नाही. अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स गूगलने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये काम थांबवलं, कारण अश्रूंतली साखर रक्तातल्या साखरेशी भरवशाने जुळत नव्हती.

१९. म्हणजे प्रकाशाने साखर मोजणं कधीच जमणार नाही?

असं मी म्हणणार नाही. अडचण मात्र खरोखर मोठी आहे. १०० ही साखर म्हणजे एका लिटरमध्ये एक ग्रॅम, अंगातल्या सगळ्या पाच लिटर रक्तात मिळून चमचाभर. त्या साखरेची खूण पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या गर्दीतून प्रकाशाने शोधायची, तीही घाम, तापमान आणि हाताचा दाब बदलत असताना.

रामन परिणामावर, म्हणजे रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो त्यावर, चालणाऱ्या यंत्रांचं संशोधन चालू आहे. सी. व्ही. रामन यांनी तो १९२८ मध्ये कोलकात्यात शोधला. या पद्धतीत ग्लुकोजच्या रेणूची स्वतःची ओळख मिळते, हा तिचा मोठा गुण. प्रकाशाने उती किंचित तापवून निघणारा आवाज ऐकायची दुसरी रीत आहे, तिच्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही काम झालं आहे.

असा सेन्सर चाचणीला येईल तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो कातडीच्या रंगाचा. कातडीला रंग देणारं मेलॅनिन प्रकाश शोषतं. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सावळ्या आणि काळ्या कातडीवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात हे नीट पुढे आलं, तोवर ती यंत्रं जगभर वापरात होती. गोऱ्या कातडीवर तपासलेलं यंत्र आपल्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातावर तसंच चालेल असं गृहीत धरू नये.

२०. मला मधुमेह नाही. उत्सुकता म्हणून सेन्सर लावला तर?

उत्सुकता समजण्यासारखी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना पूर्व-मधुमेह असल्याचा अंदाज आला, आणि मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. पण निदान सेन्सरवर होत नाही. ते उपाशीपोटी १२६, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २००, किंवा एचबीएवनसी ६.५ या लॅबच्या आकड्यांवर होतं आणि त्या तपासण्या सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. वरणभात खाल्ल्यावर आकडा थोडा वेळ १४० च्या वर गेला म्हणून घाबरून भात बंद करू नका, निरोगी माणसातही ते होतं.

२१. मुलगा इंग्लंडहून सेन्सर पाठवतोय. इथे चालेल का?

तीन गोष्टी बघा. तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. ७ म्हणजे १२६. ॲप बऱ्याचदा देशानुसार वेगळं असतं आणि तिथला सेन्सर इथल्या ॲपला जोडला जात नाही. आणि उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत पडून राहिलेलं पार्सल खोक्यावर लिहिलेल्या तापमानाच्या वर सहज जातं, एन्झाइम त्याने बिघडतं. अशा सेन्सरवर प्रश्न १२ मधली तपासणी केल्याशिवाय विसंबू नका. बिघडला तर इथे बदलून मिळेलच असं नाही.

२२. चाचणी संपल्यावर तो सेन्सर मला मिळत राहील का?

बहुतेक वेळा नाही. चाचणीतला सेन्सर बाजारात यायला वेळ लागतो, आणि काही कधीच येत नाहीत. तुमच्या दंडावरच्या नोंदी मात्र तुमच्या आहेत. लॅबचे आकडे आणि चाचणी संपल्यावर सेन्सरचा आलेख मिळेल का, हे सही करतानाच विचारा आणि उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्या. निकाल सीटीआरआयच्या नोंदीत कधी दिसतील तेही विचारून ठेवा.

सेन्सर काढून दिल्यावर पहिले काही दिवस बोट टोचायचा कंटाळा येतो, हे अनेकजण सांगतात. इन्सुलिनवर असाल तर चाचणी संपायच्या आदल्या आठवड्यातच पट्ट्यांची डबी आणून ठेवा.